वापरलेल्या गाडीवर त्रयस्थ कंपनीची वॉरंटी घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडला राहणारे एक गृहस्थ २०१८ सालची पेट्रोल सेडान एका डीलरकडून ६ लाख ४० हजार रुपयांना घेण्याच्या बेतात आहेत. गाडीला सीव्हीटी प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, ती ५८ हजार किलोमीटर धावलेली आहे आणि उत्पादक कंपनीची वॉरंटी संपलेली आहे. डीलर एका त्रयस्थ कंपनीची एक वर्षाची वॉरंटी २० हजार रुपये अधिक जीएसटी अशा दराने देऊ करतो आहे, आणि "इंजिन, गिअरबॉक्स, एसी, सगळं त्यात येतं" असे सांगतो आहे. गाडी रोज वांद्रे-कुर्ला संकुलात नेण्याची आहे. हे पैसे भरावेत की नाही?

मी स्वतः गॅरेज चालवतो, आणि मध्यंतरी काही वर्षे अशाच वॉरंटी कंपन्यांसाठी क्लेमच्या गाड्या तपासून अहवाल देण्याचे कामही केले आहे. त्यामुळे ग्राहकाची बाजू आणि कंपनीची बाजू दोन्ही मला ठाऊक आहेत. माझे उत्तर असे की, डीलरने ज्या स्वरूपात ही वॉरंटी पुढे केली आहे त्या स्वरूपात ती घेऊ नये. अटींची पूर्ण प्रत हातात पडल्यावर, आणि विशेषतः गिअरबॉक्ससाठी एका क्लेममध्ये जास्तीत जास्त किती रुपये मिळणार हा आकडा वाचल्यावर मग पुन्हा विचार करावा. गाडी साधी मॅन्युअल गिअरची पेट्रोल गाडी असती तर मी इतकाही विचार करायला सांगितले नसते. सरळ नको म्हटले असते.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. मोटार विमा आणि वॉरंटी यांची गल्लत अनेकजण करतात, आणि डीलरही ती सोयीस्करपणे होऊ देतात. गाडीची सर्वसमावेशक विमा पॉलिसी अपघात, चोरी, आग, पूर अशा बाहेरून आलेल्या संकटांसाठी असते. यांत्रिक किंवा विद्युत बिघाड आणि वापराने होणारी झीज त्या पॉलिसीत स्पष्टपणे वगळलेली असते. वॉरंटी बरोबर त्या वगळलेल्या जागेत बसते, पण ती जागा पूर्ण भरून काढत नाही. मुंबईत याचे सर्वांत ठळक उदाहरण पावसाळ्यात दिसते. हिंदमाता, किंग्ज सर्कल किंवा मिलन सबवे अशा ठिकाणी साचलेल्या पाण्यात गाडी घातली आणि इंजिनात पाणी ओढले गेले, तर इंजिनाच्या आतल्या नुकसानीवरून साध्या विमा पॉलिसीत वाद होतो, कारण त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी घ्यावी लागते. आणि वॉरंटीवालेही पाण्याने झालेले नुकसान म्हणून हात वर करतात. तेव्हा २० हजारांचा विचार करण्याआधी विम्यात ती पुरवणी मिळते का, हे विचारून घ्यावे. शिवाय गाडी नावावर झाल्यावर १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे पॉलिसी आपल्या नावे करण्याचा अर्ज द्यावा. तो राहिला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो, आणि त्या भानगडीत कोणतीही वॉरंटी उपयोगी पडत नाही.

आता वॉरंटीच्या कागदाकडे वळू. त्याचे पहिले पान आकर्षक असते: शेकडो भागांची यादी, त्यापुढे बरोबरच्या खुणा. वाचायचे ते शेवटून. अपवादांचे प्रकरण, मर्यादांचा तक्ता आणि क्लेमची पद्धत ही तीन पाने वाचली की उरलेले ब्रोशर न वाचले तरी चालते. त्यातही एका मुद्द्यावर सगळा खेळ अवलंबून असतो. ही वॉरंटी 'अचानक झालेल्या यांत्रिक बिघाडा'साठी पैसे देते, आणि सात-आठ वर्षांची गाडी बहुतेक वेळा अचानक बिघडत नाही. ती झिजत जाते. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, शॉकॲब्सॉर्बर, लोअर आर्मचे बुश, इंजिन माउंटिंग, रबरी होज, बॅटरी, टायर, बेल्ट हे सगळे झिजणारे भाग समजले जातात आणि बहुतेक योजनांमध्ये ते यादीबाहेर असतात. मुंबईतले खड्डे आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणारी वाहतूक पाहता इथल्या मालकाचा वर्षभराचा दुरुस्तीखर्च प्रामुख्याने याच भागांवर होतो. म्हणजे जो खर्च नक्की येणार तो वॉरंटीत नाही, आणि जो वॉरंटीत आहे तो येईलच असे नाही.

यादीतला भाग बिघडला तरी प्रश्न मिटत नाही, कारण तो का बिघडला हे ठरवण्याचा अधिकार कंपनीच्या तपासनिसाकडे असतो. याचा एक नमुना जवळून दाखवतो. एक गाडी माझ्याकडे तपासणीसाठी आली होती. वॉरंटी चालू, क्लेम वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारे पाणी, म्हणजे कूलंट, फिरवणारा पंप) आणि हेड गॅस्केटचा (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील). मालकाचे म्हणणे असे की पश्चिम द्रुतगती महामार्गावर गर्दीत असताना तापमानाचा लाल दिवा लागला, बाजूला घ्यायला जागा मिळेना, म्हणून पुढच्या उतारापर्यंत गाडी नेली आणि मग बंद केली. यात खोटे काही नव्हते. पंपाच्या सीलमधून कूलंट गळाल्याचा पांढरट ओघळ ब्लॉकवर स्पष्ट दिसत होता. पण गाडीच्या संगणकात बिघाडाचा कोड नोंदला जातो तेव्हा त्या क्षणाची परिस्थितीही गोठवून ठेवली जाते. स्कॅनर लावल्यावर तिथे कूलंटचे तापमान ११८ अंश आणि गाडीचा वेग शून्याच्या वर होता. इंजिन उघडल्यावर हेडवर सरळपट्टी ठेवून फट मोजणारा फीलर गेज सरकवून पाहिला, तर हेड वाकल्याचे दिसले. अहवालात मला जे दिसले तेच लिहावे लागले: पंप निकामी, त्यानंतर अतितप्त अवस्थेत गाडी चालवली गेली. कंपनीने पंपाचे पैसे मंजूर केले, आणि हेड दुरुस्ती व गॅस्केटचा खर्च, जो पंपाच्या कितीतरी पट होता, 'परिणामी नुकसान' म्हणून नाकारला. कराराच्या शब्दांनुसार कंपनीचे चुकले नव्हते. पण तो करार घेताना मालकाला कोणी हे सांगितले होते का, तर नाही.

यावरून लक्षात घ्यायचे ते 'परिणामी नुकसान' हे कलम. यादीत नसलेला भाग तुटून यादीतला भाग बिघडला, तर तो क्लेम नाकारला जातो. यादीतला भाग तुटून दुसरा बिघडला, तरी दुसऱ्याचा क्लेम पुष्कळ योजनांमध्ये नाकारला जातो. टायमिंग बेल्ट झिजणारा भाग म्हणून बाहेर, आणि तो तुटल्यामुळे वाकलेले व्हॉल्व्ह परिणामी नुकसान म्हणून बाहेर, असा दुहेरी पेच मी पाहिला आहे. 'इंजिन कव्हर आहे' या वाक्याचा अर्थ अशा वेळी फारच बारीक होतो.

आता आपल्या गाडीच्या गिअरबॉक्सकडे येतो, कारण वॉरंटीचा विचार करायला लावणारी खरी गोष्ट तीच आहे. सीव्हीटीमध्ये दातेरी गिअर बदलत नाहीत. दोन पुल्यांमध्ये पोलादी पट्टा फिरतो, आणि पुल्यांचे अर्धे तेलाच्या दाबाने जवळ-दूर होऊन गुणोत्तर बदलते. सगळी मदार त्या खास तेलावर असते. तेल जुने होऊन जळले की दाब नीट धरत नाही, पट्टा पुलीवर घसरतो, पृष्ठभागावर ओरखडे पडतात, धातूचा चुरा तेलात मिसळतो आणि मग तेलाचा दाब वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीपर्यंत सगळ्याचीच वाट लागते. सुरुवातीला फक्त कमी वेगात किंचित थरथर जाणवते. त्या टप्प्यावर तेल बदलून काही वेळा निभावते. त्यापुढे गेले की अधिकृत सर्व्हिस सेंटर आतली दुरुस्ती करण्यापेक्षा पूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचाच अंदाज देते, आणि तो आकडा लाखाच्या पुढे जातो. मुलुंडहून पूर्व द्रुतगती महामार्गाने किंवा लाल बहादूर शास्त्री मार्गाने कुर्ल्यापर्यंत आणि तिथून संकुलात जाणाऱ्या गाडीचे किलोमीटर कमी दिसतात, पण इंजिन आणि गिअरबॉक्स चालू राहण्याचे तास फार असतात. आधीच्या मालकाचा वापरही असाच शहरातला असेल, तर ५८ हजारांचा आकडा त्या गिअरबॉक्सची खरी मेहनत सांगत नाही.

म्हणजे धोका खरा आहे आणि मोठा आहे. पण डीलरने दिलेल्या वॉरंटीत त्या धोक्याचे काय होते? अशा योजनांमध्ये एका क्लेमची कमाल मर्यादा आणि पूर्ण मुदतीची कमाल मर्यादा अशा दोन मर्यादा असतात. समजा एका क्लेमला ५० हजारांची मर्यादा आहे आणि गिअरबॉक्सचा अंदाज दीड लाखाचा आला. तर आपण १८ टक्के जीएसटी धरून २३ हजार ६०० रुपये भरून घेतलेल्या वॉरंटीनंतरही एक लाख रुपये खिशातून जातात, आणि त्यात तेल, मजुरीच्या दरातला फरक आणि गाडी टो करून नेण्याचा खर्च मिळवायचा राहतोच. उलट एसीचा कॉम्प्रेसर किंवा पॉवर विंडोची मोटर गेली तर मर्यादेत बसणारा क्लेम मिळेल, पण तो खर्च ६ लाख ४० हजारांची गाडी घेणाऱ्या माणसाला तसाही पेलवणारा असतो.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. जो खर्च पेलवत नाही त्याच्यासाठी दुसऱ्याला पैसे देऊन जोखीम उतरवणे शहाणपणाचे आहे. जो पेलवतो त्याच्यासाठी नाही. बाजारातल्या बहुतेक त्रयस्थ वॉरंटी याच्या नेमक्या उलट बांधलेल्या असतात: लहान आणि मधले खर्च आत, मोठा खर्च मर्यादेच्या बाहेर. तुम्ही भरलेल्या २३ हजार ६०० रुपयांपैकी ३ हजार ६०० सरकारजमा होतात, डीलरचे कमिशन निघते, कंपनीचे पगार, तपासणी आणि नफा निघतो, आणि जे उरते त्यातून सगळ्या ग्राहकांचे क्लेम भागवायचे असतात. सरासरी ग्राहकाला भरले त्याहून बरेच कमी परत मिळणार, हे उघड आहे. मोठ्या फटक्यापासून संरक्षण मिळत असेल तर हा तोटा सोसणे रास्त ठरते. ते मिळत नसेल तर हा सौदा कशासाठी करायचा?

कर्जाचा मुद्दा लहान आहे, पण तो सर्रास घडतो म्हणून सांगतो. डीलर वॉरंटीची रक्कम गाडीच्या कर्जातच घालून टाकतो, आणि "महिन्याला फक्त साडेसहाशे रुपये वाढतात" असे म्हणतो. २३ हजार ६०० रुपये १४ टक्के दराने चार वर्षांच्या हप्त्यांत फेडले तर एकूण सुमारे ३१ हजार रुपये भरावे लागतात. म्हणजे एक वर्षाची वॉरंटी संपल्यानंतर तीन वर्षे तिचे हप्ते चालू राहतात. घ्यायचीच असेल तर रोख घ्यावी.

अटींच्या प्रतीत आणखी काय पाहावे ते सांगतो, सगळे सारख्या महत्त्वाचे नाही. प्रतीक्षा काळ, म्हणजे सुरुवातीचे काही दिवस किंवा काही किलोमीटर क्लेम चालत नाही, हे बहुतेक ठिकाणी असते आणि ते रास्तही आहे, फक्त तो किती आहे ते पाहावे. क्लेम 'आधीपासून असलेल्या दोषा'वर नाकारला जाण्याची भीती त्याहून मोठी. त्यावर उपाय असा की वॉरंटी कंपनीने स्वतःच्या तपासनिसाकडून गाडी पाहून घेतली असेल तर त्या तपासणीची पूर्ण प्रत, फोटो आणि स्कॅनच्या नोंदींसह, पैसे भरण्याआधी मागावी आणि करारासोबत जोडून घ्यावी. कंपनीनेच गिअरबॉक्स ठीक म्हणून लिहिले असेल तर तीन महिन्यांनी तोच गिअरबॉक्स आधीपासून खराब होता असे म्हणणे तिला जड जाते. कंपनी गाडी न पाहताच, केवळ डीलरच्या शब्दावर वॉरंटी देत असेल, तर ती उदारता नव्हे. तपासणी क्लेमच्या वेळी होणार आहे, एवढाच त्याचा अर्थ.

सर्व्हिसच्या नोंदी हा क्लेम नाकारण्याचा सर्वांत सोपा मार्ग असतो. ठरलेल्या किलोमीटरला किंवा महिन्यांना, ठरलेल्या दर्जाचे तेल घालून, किलोमीटरची नोंद असलेल्या जीएसटी बिलावर सर्व्हिस झाली पाहिजे असे लिहिलेले असते. गल्लीतल्या मेकॅनिकचे काम कितीही चोख असले तरी त्याची वहीच्या पानावर लिहिलेली पावती तिथे चालत नाही. सीव्हीटीच्या बाबतीत तर गिअरबॉक्सचे तेल केव्हा बदलले याचा कागद मागितला जातो, आणि तो आधीच्या मालकाकडून मिळाला नाही तर काय होईल हे कंपनीला ईमेलवर आधीच विचारून ठेवावे. तसेच बाहेरून सीएनजी किट बसवली किंवा गाडी ॲपवरच्या भाड्याला लावली तर बहुतेक योजना लगेच रद्द होतात. मुंबईत या दोन्ही गोष्टी अनेकांच्या मनात असतात म्हणून उल्लेख केला.

दुरुस्ती कुठे होणार हे प्रत्यक्ष नावानिशी विचारावे. मुलुंड, भांडुप, ठाणे या टापूत कंपनीशी जोडलेले कोणते गॅरेज आहे, आणि तिथे सीव्हीटीचे काम खरोखर होते का? कागदावर 'देशभरात हजारो गॅरेज' आणि प्रत्यक्षात गाडी तुर्भे किंवा भिवंडीपर्यंत टो करावी लागणे, यात फार अंतर नसते. सुटा भाग नवा आणि कंपनीचा मिळणार, की जुन्या गाडीतून काढून दुरुस्त केलेला, हेही लेखी असावे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, फेरी मारली असेल त्याला मी काय म्हणतो ते लगेच समजेल. आणि इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडून पाहण्याची मजुरी कोणाची, हा प्रश्न विसरू नये. क्लेम मंजूर झाला तर कंपनीची आणि नामंजूर झाला तर तुमची, असा रिवाज आहे. उघडलेला गिअरबॉक्स, नाकारलेला क्लेम आणि गॅरेजचे बिल अशा तिढ्यात माणूस अडकला की तो मिळेल त्या तडजोडीला तयार होतो.

या वचनामागे उभे कोण आहे, हेही पाहायला हवे. काही योजनांमागे विमा कंपनीची पॉलिसी असते आणि वॉरंटी विकणारी कंपनी फक्त कारभार पाहते. तसे असेल तर पॉलिसी क्रमांक आणि विमा कंपनीचे नाव कागदावर असते, आणि वाद झाला तर विमा लोकपालाकडे जाण्याचा मार्ग तपासून पाहता येतो. काही योजनांमागे मात्र केवळ त्या कंपनीचा शब्द असतो. ती कंपनी आठ महिन्यांनी बंद पडली तर आपल्या हातात एक छापील कागद उरतो. विक्री करणारा डीलर तेव्हा "वॉरंटी त्यांची, आम्ही फक्त मध्यस्थ" म्हणणार, म्हणून त्याच्याकडून आजच, डीलरच्या बिलावर, वॉरंटीचे नाव, रक्कम आणि तिच्यात काय येते हे लिहून घ्यावे. त्याचे "सगळं त्यात येतं" हे वाक्य त्याने व्हॉट्सॲपवर लिहून दिले तरी पुढे उपयोग होतो. तो लिहून देत नसेल, तर ते वाक्य किती खरे आहे याचा अंदाज आपल्याला यावा.

त्रयस्थ वॉरंटीकडे जाण्याआधी दोन पर्याय तपासावेत. पहिला, उत्पादक कंपनीची वाढीव वॉरंटी. ती सहसा चॅसिस क्रमांकाशी जोडलेली असते आणि मालक बदलला तरी उरलेली मुदत पुढे चालते. काही कंपन्या त्यासाठी कळवायला किंवा शुल्क भरायला सांगतात. तुमच्या गाडीची मुदत संपली आहे असे डीलर म्हणतो, पण पहिल्या मालकाने वाढीव वॉरंटी घेतली होती का हे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा क्रमांक देऊन स्वतः विचारावे. त्याच भेटीत सर्व्हिसचा पूर्ण इतिहासही पाहायला मिळतो, आणि किलोमीटर मागे फिरवले असतील तर ते तिथेच उघडे पडते. दुसरा, उत्पादकांच्या स्वतःच्या वापरलेल्या गाड्यांच्या शाखा: मारुती सुझुकीची ट्रू व्हॅल्यू, ह्युंदाईची एच प्रॉमिस, टोयोटाची यू-ट्रस्ट. त्यांच्या प्रमाणित गाड्यांवरच्या वॉरंटीलाही अटी असतात, पण दुरुस्ती अधिकृत जाळ्यात होते. गाडी थोडी महाग पडते. तुमच्या परिस्थितीतल्या माणसाला, विशेषतः ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर, तो जादा पैसा मी त्रयस्थ वॉरंटीपेक्षा अधिक सत्कारणी लागला असे मानेन.

आणि तपासणी. २३ हजार ६०० रुपयांतले चार-पाच हजार खरेदीआधी एखाद्या स्वतंत्र, डीलरशी संबंध नसलेल्या तंत्रज्ञावर खर्च करा. त्याच्याकडून केवळ 'गाडी चांगली आहे' असा शेरा नको. पुढील गोष्टी डोळ्यांदेखत करून घ्या. गाडी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करावी. डीलरने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत जावे आणि दुसऱ्या दिवशी यावे. मॉलच्या तळघरातल्या पार्किंगचा चढ अगदी सावकाश, पाय ब्रेकवरून उचलून ॲक्सिलरेटर जेमतेम दाबत चढावा. सीव्हीटीची थरथर तिथे लपत नाही, जी मोकळ्या रस्त्यावर कधीच कळत नाही. अर्धा तास गर्दीत चालवून झाल्यावर तोच चढ पुन्हा चढावा, कारण तेल गरम झाल्यावर दाब कमी पडतो आणि खरे रूप तेव्हा दिसते. गाडीतल्या सर्व मोड्युलचे, म्हणजे वेगवेगळ्या संगणकांचे, स्कॅन घ्यावे; केवळ इंजिनाचे नव्हे. नुकतेच कोड पुसलेले असतील तर उत्सर्जन तपासण्या 'अपूर्ण' दिसतात, आणि ते स्वतःच एक उत्तर आहे.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखणे मुंबईत आवश्यकच आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बुडालेल्या गाड्या पुढे कुठे कुठे विकल्या गेल्या याच्या कहाण्या या धंद्यात आजही सांगितल्या जातात. तेवढा नसला तरी दर पावसाळा काही गाड्या बुडवतोच. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर पाण्याची रेघ दिसते का पाहावे. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले, गालिच्याखालच्या फोममध्ये बारीक गाळ, फ्यूजबॉक्सच्या कोपऱ्यात वाळलेला चिखल, यांपैकी काहीही आढळले तर किंमत कितीही कमी केली तरी ती गाडी सोडावी. अशा गाडीत विद्युत बिघाड महिनोन्‌महिने डोके वर काढत राहतात, आणि एकही वॉरंटी त्यांना पैसे देत नाही.

तपासणीत गाडी उत्तीर्ण झाली, गिअरबॉक्सच्या तेलाचे बिल मिळाले, तर वॉरंटीचे पैसे वाचवून त्यातलेच थोडे सीव्हीटीचे तेल अधिकृत ठिकाणी लगेच बदलण्यावर आणि उरलेले बँकेत वेगळे ठेवण्यावर घालवावेत. तेलाचे बिल मिळाले नाही आणि चढावर किंचितही शंका आली, तर मी वॉरंटीकडे वळणार नाही, गाडीच सोडेन. संशयित गिअरबॉक्स ५० हजारांच्या मर्यादेवर विकत घेणे हा उपाय नव्हे.

मी होकार देईन अशी परिस्थितीही आहे. गाडी तपासणीत चांगली निघाली आहे, पण लाख-दीड लाखाचा अचानक खर्च आला तर घरचे गणित पार कोलमडेल अशी अवस्था आहे. गिअरबॉक्सची क्लेममर्यादा त्याच्या संपूर्ण बदलाच्या किमतीइतकी किंवा तिच्या जवळ आहे. कंपनीने स्वतः गाडी पाहून अहवाल दिला आहे. मागे विमा कंपनी आहे. आणि दुरुस्ती तुमच्या टापूतल्या सीव्हीटी जाणणाऱ्या ठिकाणी होणार आहे. हे सगळे जुळले तर २० हजार ही रक्कम मला महाग वाटणार नाही. यातली मर्यादेची अट सोडून बाकी सगळे जुळले, तर सौदा करून पाहावा: एसी, काचा, इन्फोटेनमेंट असले भाग काढून टाका, पण गिअरबॉक्सची मर्यादा वाढवा, असे सांगावे. डीलरच्या हातात किमतीत सूट देण्याची मुभा असते, अटी बदलण्याची बहुतेकदा नसते, तेव्हा हे बोलणे थेट वॉरंटी कंपनीशी करावे. टर्बो डिझेल, किंवा ड्राय क्लच असलेली डीसीटी (दोन क्लचची) ऑटोमॅटिक घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तिथे गिअरबॉक्सच्या जागी टर्बो, इंजेक्टर किंवा (डीसीटीमध्ये क्लच आणि गिअर हलवणारे) मेकॅट्रॉनिक्स युनिट वाचावे.

वॉरंटी घेतलीच, किंवा आधीच घेतलेली आहे, आणि बिघाड झाला, तर लाल दिवा लागताच गाडी सुरक्षित जागी बंद करावी आणि तिथूनच फोन करावा. गर्दीतून 'थोडं पुढे' नेलेल्या अंतराची नोंद संगणकात राहते हे वर पाहिलेच. कंपनीची लेखी मंजुरी येईपर्यंत गॅरेजला एकही बोल्ट सोडू देऊ नये. उघडताना फोटो काढावेत, खराब भाग आपल्या ताब्यात किंवा निदान गॅरेजमध्ये शिक्का मारून ठेवावा, कारण नंतर तपासायला तोच एकमेव पुरावा असतो. नकार तोंडी स्वीकारू नये. कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या अहवालावरून नाकारले, हे ईमेलवर मागावे. तो नकार न पटण्यासारखा असेल तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथे निकाल लागला नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येते, कंपनीचे मुख्य कार्यालय गुरुग्रामला असो वा बंगळुरूला. तुम्ही भरलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. तक्रारीत वॉरंटी कंपनीबरोबर डीलरलाही प्रतिवादी करावे, आणि त्यासाठीच ते बिल आणि तो व्हॉट्सॲपवरचा संदेश जपून ठेवायचा.